अंगणातल्या कोंबडीपासून आभाळातल्या कापशीपर्यंत



गेल्या आठवड्यात हरभऱ्याची पाहणी करायला एका गावी गेलो होतो. पाहणी झाली, ओसरीवर चहा आला. तेवढ्यात घरचा कॉलेजात जाणारा मुलगा मोबाईल घेऊन पुढे आला. "साहेब, हा कोतवाल बघा. मी काढलाय फोटो."

मी चष्मा लावून पाहिले. आभाळभर पांढरा उजेड, त्यात विजेची तार आणि तारेवर एक काळा ठिपका. मी म्हटले, "बाळा, तू सांगितलंस म्हणून कोतवाल. नाहीतर मी तारेची गाठ समजलो असतो." सारे हसले. त्याचे वडील मात्र म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा याला. कामधंदा सोडून पाखरांच्या मागं फिरतोय."

मुलाचा फोटो सुधारायला हवा होता आणि वडिलांचा समजही. दोघांना जे सांगितले तेच आज इथे लिहितो.

पहिली पायरी : कोंबडी

फोटोचा सराव अंगणातल्या कोंबडीवर करावा. ती कुठे जात नाही आणि एका जागी ठरतही नाही, म्हणून गुरू चांगली. आधी मोबाईलची काच मऊ फडक्याने पुसा. सूर्य उगवल्यापासून पहिले दोन तास किंवा संध्याकाळचे शेवटचे दोन तास निवडा; दुपारच्या उन्हात रंग उडतात. ऊन आपल्या पाठीवर असावे. मग खाली बसा. कोंबडीचा डोळा आणि मोबाईलची काच एका उंचीवर आली की फोटोत जीव येतो. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसती पाठ दिसते.

पडद्यावर कोंबडीच्या डोळ्यावर बोट टेकवा, म्हणजे तो भाग रेखीव येईल. बोटांनी चित्र ताणून मोठे करू नका. त्याने पाखरू जवळ येत नाही, फोटो फुटतो. कोंबडीचा डोळा वीस वेळा स्वच्छ आला, की शिवारात जायला हरकत नाही.

दुसरी पायरी : नांगरामागचा बगळा

रानात पायी चालणारा माणूस दिसला की पाखरे उडतात. पण बैलगाडी, नांगर आणि ट्रॅक्टर त्यांच्या ओळखीचे असतात. शहरातल्या हौशी माणसाला लपायला खास तंबू लागतो. तुमच्याकडे बैलगाडी आहे. तिच्यात गप्प बसून राहा. नांगरट चालू असली की गायबगळे फाळामागून उघडे पडलेले किडे वेचत अगदी जवळ येतात.

इथे एक अडचण येते. बगळा पांढरा आणि जमीन काळी. फोटोत बगळ्याची पिसे नाहीशी होऊन नुसता चुन्याचा ठिपका उरतो. बगळ्यावर बोट टेकवले की बहुतेक मोबाईलवर शेजारी सूर्याची खूण येते. ती थोडी खाली सरकवा, पिसे दिसू लागतील. कोतवालासारख्या काळ्या पाखराला उलट करा, खूण थोडी वर न्या. शिवाय काळ्या पाखरामागे आभाळ येऊ देऊ नका. दहा पावले बाजूला सरा आणि मागे हिरवे पीक किंवा झाड घ्या. त्या मुलाचा फोटो एवढ्यानेच निम्मा सुधारला असता.

तिसरी पायरी : पक्षिथांब्यावरचा कोतवाल

घाटेअळीसाठी हरभऱ्यात आपण इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षिथांबे लावतो. फोटो काढणाऱ्यालाही त्याहून चांगली जागा नाही. कोतवाल, वेडा राघू, नीळकंठ थांब्यावर बसतात, झेप घेऊन किडा टिपतात आणि पुष्कळदा त्याच थांब्यावर परत येतात. म्हणून पाखराच्या मागे धावू नका. थांब्यापासून योग्य अंतरावर गोणपाट अंगावर घेऊन बसा, मोबाईल किंवा कॅमेरा थांब्यावर रोखून ठेवा आणि वाट पाहा. पाखरू परतताना दिसले की बटण दाबून धरा, लागोपाठ फोटो निघतील.

मुलाच्या वडिलांना मी हेच सांगितले. चोचीत काय आहे ते ज्या फोटोत दिसते, तो फोटो बिनकामाचा नाही. कोतवालाच्या चोचीत अळी दिसली, की आपल्या रानात कोण राबतो आहे ते कळते. फोटोखाली तारीख, पीक आणि चोचीतला किडा लिहून ठेवा. पुढे फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी ही वही एकदा चाळावी.

चौथी पायरी : आभाळातली कापशी

उडत्या पाखरासाठी मोबाईल तोकडा पडतो. दूरचे टिपणारे भिंग लागते, साधारण ४०० मिलिमीटरचे. ते महाग असते. पीककर्जाचे पैसे त्यात घालू नका. कुणा स्नेह्याकडून दोन दिवस मागून आणा आणि हात बसवा. बसलेल्या पाखराला शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. उडत्याला हजारावा, चपळ पाखराला दोन हजारावा भाग ठेवावा.

सुरुवात कापशी घारीपासून करा. ही उंदीर शोधत पिकावर एका जागी पंख फडफडवत थांबते, त्यामुळे नेम धरायला वेळ मिळतो. वाराही ओळखा. पाखरे बहुधा वाऱ्याला तोंड करून उडतात आणि तशीच उतरतात. वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी असेल तर पाखरू आपल्याकडे तोंड करून येते. उपणणी केलेल्या माणसाला वारा शिकवावा लागत नाही.

आणि एक चूक

आता माझी गोष्ट सांगतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली असतील. तेव्हा रोलचा कॅमेरा होता, एका रोलमध्ये ३६ फोटो. चैत्रातल्या एका दुपारी माळाच्या रानात टिटवीची चार अंडी दिसली, हुबेहूब खड्यांच्या रंगाची. फोटो स्वच्छ यावा म्हणून मी भोवतालचे वाळके गवत उपटले, चार दगड बाजूला केले आणि अर्धा तास तिथेच बसलो. टिटव्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होत्या. मला वाटले, किती छान, आवाजही ऐकायला मिळतो आहे.

उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. हे मी नंतर वाचले. दुसऱ्या दिवशी गेलो तर अंडी नव्हती. कावळ्याने नेली की मुंगसाने, कोण जाणे. रानाची मालकीण म्हातारी म्हणाली, "सायबा, तिनं झाकून ठेवलेलं तू उघडं केलंस."

रोल धुऊन आला. फोटो उत्तम होता. तो मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

म्हणून शेवटची पायरी हीच समजा : घरट्याचा फोटो सोडून देता येणे. घरट्याजवळची फांदी वाकवू नका, रात्री पिंगळ्याच्या डोळ्यांवर झोत मारू नका, मोबाईलवर आवाज वाजवून पाखराला फसवू नका. घरटे कुठे आहे ते गावभर मोबाईलवर धाडू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही पाखरांच्या अंड्यांना व घरट्यांना त्रास देण्यास मनाई आहे. पाखरू ओरडू लागले किंवा तुमच्याकडे टक लावून बसले, की समजावे आपण फार जवळ आलो. दोन पावले मागे यावे.

मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांना धरून आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. पुढच्या सप्ताहात गावच्या शाळेत आपल्याच शिवारातल्या पाखरांचे फोटो लावता येतील. त्यासाठी आत्ताच एक थांबा निवडा आणि सात सकाळी अर्धा अर्धा तास तिथेच बसा. पहिले तीन दिवस फोटो काढला नाही तरी चालेल, नुसते पाहा.

निघताना त्या मुलाचे वडील मला बांधापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "साहेब, थांबे हेक्टरी किती लावायचे म्हणता?" मी म्हटले, "पन्नास. आणि एकाजवळ पोराला बसायला जागा ठेवा."