दारिद्र्याचे खापर पाळण्यावर का?

‘मुले फार, म्हणून गरिबी’ हे वाक्य आपल्या ख्रिस्ती घरांतूनही बिनदिक्कत उच्चारले जाते. वस्तुतः कार्यकारणभाव बहुधा उलटा असतो. जेथे मजुरी त्याच दिवशी संपते आणि जन्मलेले मूल जगेलच याची शाश्वती नसते, तेथे अधिक अपत्ये हाच म्हातारपणाचा आधार ठरतो.

पुरावा दूर नाही. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला. तेव्हा तेथे हजारी सुमारे १७५ अर्भके वर्षाच्या आत दगावत. आरोळे दांपत्याने गावातल्याच, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका केले. स्वच्छ पाणी, सकस आहार, सुरक्षित बाळंतपण यांबरोबर बचत व रोजगाराची वाट दाखविली. १९९० च्या दशकात अर्भकमृत्यू हजारी २० च्या आसपास आले; जन्मदरही ४० वरून २० च्या घरात उतरला.

१९७६ च्या सक्तीच्या नसबंदीने गरिबांच्या मनात केवळ भय पेरले. जामखेडच्या मातांवर कोणी सक्ती केली नाही. मुले जगू लागली, तसे कुटुंब आपोआप आटोपशीर झाले.

तेव्हा बंधुभगिनींनो, गरिबाघरचे पाळणे मोजण्यापूर्वी, आपण त्याला मजुरी किती देतो आणि त्यातले आईच्या हाती किती पडते, ते मोजू या.