शिवारांतील थोर वृक्षांचीं छायाचित्रें

सात-बाराच्या उताऱ्यावर झाडांची नोंद असली, तरी ती बहुधा ‘आंबा 1, चिंच 2’ एवढीच असते. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अशा नोंदी आम्हीं पुष्कळ लिहिल्या. कागदास झाडांची संख्या कळते, झाड कळत नाहीं. कालचें कलम आणि पणजोबांच्या वेळचा रायवळ आंबा त्यास सारखेच.

वडगांव, पिंपळगांव, आंबेगांव हीं नांवें पाहिलीं म्हणजे पूर्वीं झाडांवरून गांव ओळखीत असत हें उघड होतें. हल्लीं मात्र ज्या झाडाखालीं आपण रोज न्याहारी करितों, त्याकडेही मान वर करून पाहत नाहीं.

म्हणून शेतकरी बंधूंस आमची एक सूचना आहे. 2021 सालापासून ई-पीक पाहणीकरितां आपण मोबाईलवर पिकाचें छायाचित्र घेऊं लागलों आहों. त्याच फेरींत शिवारांतील एखाद्या असामान्य झाडाचें छायाचित्र निराळें घेऊन ठेवावें. असामान्य म्हणजे केवळ प्रचंड नव्हे. दुष्काळांतही हिरवी राहिलेली बोर, वीज पडून फाटल्यावरही पालवणारी चिंच, अंगावर पिंपळ वागविणारा ताड, हींही त्यांत आलीं. सूर्य पाठीशीं घ्यावा. बुंध्याजवळ घरचें एखादें माणूस उभें करावें, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. जमिनीपासून साडेचार फुटांवर दोरीनें घेर मोजून तो दिनांक व गट नंबर यांसह वहींत लिहावा. दरवर्षीं त्याच जागेवरून दुसरें चित्र घ्यावें.

‘चित्रानें काय पिकतें?’ असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर व्यवहाराचेंच आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें जमिनीवरील झाडांचें मूल्यही मोबदल्यांत धरावयाचें असतें. पण तोडल्या झाडाचा घेर मागाहून सिद्ध करणें फार कठीण. दुसरें असें कीं, रायवळ आंब्याची कोय लावून तंतोतंत तेंच फळ मिळेल असा भरंवसा नसतो. उत्तम झाडाची कलमकाडी तें उभें आहे तोंवरच घेतां येते, आणि तें कोणतें हें पुढच्या पिढीस कळावयास फळासहित चित्र हवें.

मिरज तालुक्यांतील भोसे येथील जुना वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. 2020 सालीं लोकांनीं आवाज उठविला, वृत्तपत्रांतून त्या वडाचें चित्र राज्यभर गेलें, आणि तो वांचविण्याकरितां रस्त्याची आखणी बदलण्याचें ठरलें. ज्या झाडास कोणी पाहिलेंच नाहीं, त्याची बाजू कोण मांडणार?

सावलीखालीं पीक खुरटतें, ही तक्रार खोटी नाहीं. परंतु कुऱ्हाड लावण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांस तें चित्र दाखवून झाडाची हकीकत एकदां विचारावी, आणि ती त्याच वहींत उतरून घ्यावी. एवढें करूनही झाड तोडणेंच प्राप्त असेल, तर निदान काय तोडलें हें घरांत नोंदलेलें राहील. बहुतेक ठिकाणीं तें तोडण्याचें मन होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.