हालचालीचे खेळ : पारख कशी करावी?

शिरड शहापूरच्या पेढीवर माल पारखूनच घेतला जातो. मुलांसाठी व्हिडिओ गेम घेतानाही तीच दृष्टी ठेवावी. निन्टेंडो कंपनीने २००६ साली ‘वी’ हे यंत्र आणले. हाती धरलेल्या रिमोटची हालचाल पडद्यावर उमटू लागली. त्यावर टेनिस व बोलिंग विशेष रंगले. कारण फटका क्षणभराचा असतो आणि त्याची क्रिया सहज कळते. नृत्याचे खेळही असेच साधतात. तलवारबाजीत मात्र पडद्यावर वार अडला तरी आपला हात अडत नाही, आणि गोडी ओसरते. दीर्घ भ्रमंतीच्या खेळांत हात थकतो; बुद्धिबळाला तर बटणेच बरी. म्हणून मुलांना जागेवरून उठवील आणि आजी-आजोबांनाही सामील करून घेईल, असाच खेळ निवडावा. दाम तिथेच सार्थकी लागतात.