आपल्या घरात पत्ते कोण वाटतं?

मंडळी, शीर्षक वाचून रमीचा डाव आठवला असेल तर तसं काही नाही. आज बोलायचंय ते आयपी पत्त्यांबद्दल. आता "बाई, तुम्ही आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलात, तुमचा याच्याशी काय संबंध?" असं कुणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो वयाशी आहे. शेवटपर्यंत वाचा, मग कळेल.

घरातला मोबाइल, टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा या सगळ्यांना एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी बोलायचं तर प्रत्येकाला एक क्रमांक लागतो. तो आपण टाकत नाही. कोपऱ्यात लुकलुकणारा राऊटर तो परस्पर देतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. माझं मत सरळ आहे. पत्ते आपोआप वाटले जावेत, ही उत्तम सोय आहे. पण वाटणाऱ्याची किल्ली घरात राहणाऱ्या माणसाकडेच हवी. घरात फक्त म्हातारी माणसं असतील तर त्यांच्याकडे हवी.

आमचा भाचा याच क्षेत्रात नोकरी करतो. तो फोनवर म्हणाला, "आत्या, ते ऑटोमॅटिक आहे ना? मग तू कशाला त्यात हात घालतेस?" प्रश्न प्रेमाचा आहे, पण मला पटत नाही. आपोआप चालणारी गोष्ट कुणालाच ठाऊक नसावी, असं कुठे आहे? पाण्याची टाकी भरली की पंप आपोआप बंद होतो, तरी त्याचं बटण कुठे आहे ते सोसायटीत चार जणांना माहीत असतंच की.

आधी हे वाटप चालतं कसं ते सांगते. पाहुण्याचा मोबाइल आपल्या वायफायला जोडला की त्याला ना स्वतःचा पत्ता ठाऊक असतो, ना राऊटरचा. मग तो भर चौकात ओरडावं तसं सगळ्यांनाच विचारतो, "इथे पत्ता देणारं कुणी आहे का?" राऊटर म्हणतो, "आहे, हा १०४ क्रमांक घे." मोबाइल पुन्हा म्हणतो, "ठीक, १०४ च द्या." राऊटर म्हणतो, "दिला," आणि नोंद करून ठेवतो. दुसऱ्यांदा का मागायचं? तर हाकेला दोघांनी ओ दिली असेल, तर कुणाचं देणं स्वीकारलं हे दोघांनाही कळावं म्हणून. किती रीतसर आहे पाहा!

शिवाय हा पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो. आपल्याकडे ११ महिन्यांचा भाडेकरार असतो ना, तसंच. फक्त इथली मुदत काही तासांची किंवा दिवसांची. आणि हा भाडेकरू शहाणा असतो. निम्मी मुदत सरली की तो मूळ मालकाकडे जाऊन "वाढवून द्या" म्हणतो. मालकाने उत्तरच दिलं नाही, तर साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत संपल्यावर पुन्हा सगळ्यांना हाक मारतो. तरीही कुणी दाद दिली नाही, तर मुदत संपताच जागा सोडतो.

ही युक्ती एका दिवसात सुचलेली नाही. १९८५ साली बूटपी नावाची पद्धत आली, पण तिच्यात कुठल्या यंत्राला कुठला पत्ता याची यादी माणसाने आधी करून ठेवावी लागे. मुदतीने पत्ता देण्याची आणि परत घेण्याची कल्पना डीएचसीपीने आणली, ती १९९३ साली. आज घरोघरी चालतं ते तिचं रूप राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेल्या मार्च १९९७ च्या दस्तऐवजातलं आहे.

इथे आपल्या एका माणसाची आठवण होते. पिनकोडची पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पिनकोड माणसाला चिकटलेला नसतो, जागेला असतो. माणूस डोंबिवलीहून नागपूरला गेला की पिनकोड बदलतो, नाव बदलत नाही. आयपी पत्त्याचंही तसंच. तो जाळ्यातल्या जागेचा. यंत्राचं नाव म्हणजे त्याचा मॅक क्रमांक, बारा अक्षर-अंकांचा. एवढा फरक कळला की निम्मं काम झालं.

आता अडचण कुठे येते? पत्ता बदलत राहिला तर मोबाइलचं काही बिघडत नाही. पण प्रिंटर आणि कॅमेरा यांना आपण शोधत जातो. प्रिंटर काल २३ वर होता आणि आज ३१ वर गेला, तर कागद निघत नाही आणि घरात भांडण निघतं. यावर बरेच तंत्रज्ञ एक उपाय करतात. त्या यंत्रातच हाताने कायमचा पत्ता लिहून टाकतात. मला हा उपाय मान्य नाही. कारण राऊटरला त्याची खबर नसते. तो क्रमांक त्याच्या वाटपाच्या यादीत असला, तर उद्या तो दुसऱ्याच कुणाला देऊन बसेल. एका बाकावर दोन मुलं बसवली तर चालतं, एका हजेरी क्रमांकावर दोन मुलं चालत नाहीत!

आणि राऊटर बदलला तर? आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक वहिनी राहतात, वय ब्याऐंशी. भाऊ अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या खोलीत वायरने जोडलेला कॅमेरा आहे. मुलगी नागपूरला असते, ती दिवसातून दहादा त्यातून वडिलांना पाहते. जुना राऊटर बिघडला म्हणून सेवा देणाऱ्यांचा मुलगा नवा लावून गेला. मोबाइल लगेच चालू झाले, पण कॅमेरा मुका झाला. जुन्या राऊटरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत, नव्याचे १९२.१६८.० ने. कॅमेऱ्यात मात्र जुना पत्ता हाताने कोरलेला. तो बिचारा जुन्याच वाड्याचा पत्ता धरून बसला होता. नव्या राऊटरला जुन्याचा क्रमांक द्यायचा, की झालं. दोन मिनिटांचं काम. पण राऊटरचा पासवर्ड त्या मुलाकडे. "आजी, पासवर्ड आम्ही कुणाला देत नाही," असं फोनवर सांगून तो चौथ्या दिवशी आला. त्या चार दिवसांत लेकीने रात्री-अपरात्री किती फोन केले आणि वहिनी दर वेळी कशा उठून गेल्या, ते मी पाहिलं आहे.

म्हणून म्हणते, पत्ते एकाच ठिकाणाहून वाटले जावेत, आणि ते ठिकाण आपल्या हातात असावं. राऊटरच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा तशाच नावाची सोय बहुतेक ठिकाणी असते. तिथे यंत्राचा मॅक क्रमांक आणि हवा तो आयपी पत्ता लिहायचा. मग यंत्र रीतसर हाक मारतं आणि राऊटर दर वेळी त्याला तोच पत्ता देतो. पंगतीत आजोबांचा पाट राखून ठेवतात, तसं. उद्या राऊटर बदलला तरी यंत्र नव्या राऊटरकडेही हाक मारणारच. फक्त नवा पाट मांडायचा.

तिथेच वाटपाची हद्दही दिसते, उदाहरणार्थ १०० ते १९९. ती फार लहान ठेवली आणि दिवाळीला सगळं गोत जमलं, तर शेवटच्या पाहुण्याला पत्ताच मिळत नाही. एखादं यंत्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवू लागलं, तर समजावं की त्याने हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता धरला. आणि जुना राऊटर वायफाय लांबवण्यासाठी दुसऱ्या खोलीत जोडला असेल, तर त्याचं वाटप बंद करावं. एका जाळ्यात दोन वाटपी असले की कोण कुणाचं पान वाढतंय ते कळत नाही. अलीकडचे मोबाइल खासगीपणासाठी निराळा मॅक क्रमांक सांगतात, तेव्हा पाट राखायचाच असेल तर तो आपल्या वायफायवर सांगतात तो क्रमांक लिहावा.

यावर आक्षेप येतो की म्हाताऱ्यांच्या हाती किल्ली दिली तर ते काहीतरी बिघडवतील, आणि पासवर्ड चोरीला जाईल. पहिल्या भागाचं उत्तर असं की बहुतेक राऊटरमध्ये सगळ्या मांडणीची प्रत काढून ठेवता येते, आणि बिघडलं तर ती परत भरता येते. आणि दुसऱ्या भागाचं काय? राऊटर कारखान्यातून आला तेव्हाचाच पासवर्ड वर्षानुवर्षं ठेवणं हाच मोठा धोका आहे. आपण नवा ठेवावा आणि लिहून ठेवावा.

ज्यांनी बँकेचं पासबुक, गॅसचं कार्ड आणि मुलांच्या गुणपत्रिका चाळीस वर्षं नीट ठेवल्या, त्यांना एका पासवर्डचा भरवसा देता येत नाही, हे मला मान्य नाही. मुलं दूर आहेत. त्यांचा आवाज, त्यांचं तोंड आता याच डबीतून घरात येतं. ती डबी परक्याच्या मर्जीवर असू नये, एवढंच.

तेव्हा एक साधी वही करा. तिच्यात चार गोष्टी लिहा: राऊटरच्या पानाचा पत्ता, त्या पानाचा पासवर्ड (वायफायचा वेगळा असतो, तो नव्हे), वाटपाची हद्द आणि राखीव पत्त्यांची यादी. वही लाइटबिलांच्या फाइलमध्ये ठेवा. नवीन राऊटर लावायला मुलगा आला, तर चहा द्या आणि जाण्याआधी पासवर्ड मागून घ्या. "देत नाही" म्हणाला, तर कचेरीत लेखी मागा.

असो. बाहेरगावी असलेल्या भाचरांनो, पुढच्या वेळी घरी याल तेव्हा मिठाईचा पुडा आणू नका. आईबाबांच्या शेजारी बसून ही वही लिहा. आणि मंडळी, तुमच्या घरात ही किल्ली कुणाकडे आहे, ते जरूर कळवा.