अंगणातली ताडपत्री आणि तिचे खांब

होळी झाली की आमच्या मुकुटबनला ऊन असं तापतं की अंगणात पाय ठेववत नाही. मग वाळवणाची निवडटिपण, माझी शिकवणी, सासूबाईंची बाज, सगळं ओसरीपुढे बांधलेल्या ताडपत्रीखाली. गेल्या मे महिन्यात शिकवणीची मुलं दप्तरं आवरून गेली आणि दहाच मिनिटांत वादळवारा सुटला. ताडपत्री फुगली, कोपऱ्यातला बांबू उपटला गेला आणि मुलं बसत होती त्याच सतरंजीवर आडवा पडला. माझे तर हातपाय गार पडले!

चूक माझीच. खांब भक्कम असला की झालं, असं मी धरून चालले होते. पण खांब ताडपत्रीला वर उचलून धरतो. वाऱ्यात तिला खाली ओढून धरायचं काम दोरांचं. आणि ते मी बांधलेच नव्हते.

यंदा सगळं नव्याने केलं. बांबू घेतला मानवेल, तो जवळजवळ भरीव असतो. पोकळ कटांग दिसायला जाड, पण खिळ्याने फाटतो. बुरडाकडे मिळतो, शेतकऱ्याच्या बांधावरचाही चालतो. (शेतातल्या बांबूला २०१७ पासून कायद्यात झाड मानत नाहीत, जंगलातला मात्र आपल्या मनाने तोडू नये.) कोवळा नको, तीन वर्षांपुढचा पाहा. दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवला तर भुंगा कमी लागतो.

वरचं टोक पेराच्या जरा वर कापायचं. तिथे गिरमिटाने आधी भोक पाडून सहा इंची खिळा उभा बसवायचा, ठोकायची घाई नको. खाली तारेचे चार वेढे घट्ट आवळले की बांबू चिरत नाही. खिळ्याचं टोक ताडपत्रीच्या कडीतून वर काढायचं आणि त्याच खिळ्याला दोन दोर अडकवून दोन दिशांना ताणायचे. खुंट्या दोन फुटी, डोकं बाहेरच्या बाजूला कललेलं.

आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांब सैल पडतो. दीड फूट खड्डा करून मुरूम ठोकून भरला. बुडाला डांबर, वाळवीसाठी.

भिंतीकडे उंची आठ फूट, बाहेर साडेसहा. उतार हवाच. वळिवाचं पाणी मीटरभर लांब-रुंद जागेत एक सेंटिमीटर साचलं तरी दहा किलो वजन होतं! आभाळ भरून आलं की मात्र मी ताडपत्री सोडून गुंडाळून ठेवते, म्हणून दोरांना सरकगाठ.

पहिल्याच दिवशी चहाचा ट्रे घेऊन मीच त्या दोराला अडखळले. आता सासूबाईंनी त्यांच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या दोरांना बांधल्या आहेत.