दारूबंदी नेमकी कोणासाठी?



पुण्या-मुंबईचे पाहुणे बडोद्याला आले की एक प्रश्न ठरलेला. "काय हो, तुमच्याकडे खरंच मिळत नाही?" मग आपल्यातलाच कोणीतरी डोळा मारून म्हणतो, "मिळतं सगळं, फक्त दिसत नाही." सगळे हसतात. मला ते हसू हल्ली खटकतं, म्हणून हे लिहितोय.

कायदा १९४९ चा, मुंबई राज्याचा. त्याच वर्षी आपलं बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली आणि कायदा दोघांच्याही वाट्याला आला. महाराष्ट्राने परवाने देत तो सैल केला, गुजरातने घट्ट धरून ठेवला. म्हणजे ही बंदी आपल्यावर कोणी बाहेरून लादलेली नाही, एकाच घरातल्या दोन भावांनी ती वेगवेगळी पाळली एवढंच.

तिचा फायदा मी नाकारत नाही. रात्री गरबा संपवून मुली बिनधास्त घरी येतात. नाक्यावर गुत्ता नाही, लग्नाच्या वरातीत झिंगलेला मामा नाही. उघडी बाटली ही इथे अजून लाजेची गोष्ट आहे. ती लाज बऱ्याच पोरांना पहिल्या घोटापासून वाचवते.

पण आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे खात्याची दुसरी बाजू बघितल्याशिवाय राहवत नाही. सरकारचा कर बुडतो, पण पैसा काही वाचत नाही. तो चोरून विकणाऱ्याकडे आणि हप्त्यात जातो. पैसेवाल्याला तब्येतीच्या कारणाने परमिट मिळतं. २०२३ च्या डिसेंबरात गिफ्ट सिटीतल्या साहेबलोकांना आणि त्यांच्या पाहुण्यांना जेवणाबरोबर सवलत मिळाली. मजुराच्या हाती मात्र पोटली. त्यात मिथेनॉल असलं की माणूस आधी आंधळा होतो, मग जातो. २००९ ला अहमदाबादेत शंभराहून अधिक गेले, २०२२ ला बोटादकडे चाळीसहून अधिक. लठ्ठाकांडात कधी बंगलेवाला मेल्याचं ऐकलंय?

आमच्या शाखेत एक शिपाई होता. पगाराच्या दिवशी त्याची बायको दारात उभी राहायची. "साहेब, पैसे त्यांच्या हातात देऊ नका." नियमाने मला ते शक्य नव्हतं. त्यालाच समजावून, त्याच्या सहीने, दरमहा थोडी रक्कम रिकरिंगमध्ये वळती करून घेतली. पोरांच्या फीपुरतं तरी वाचलं. बंदीचं राज्य असून त्या बाईला बँकेच्या दारात यावं लागलं, हे मी विसरलेलो नाही.

महाराष्ट्रात गावातल्या बायका मतदान करून दारूचं दुकान बंद करू शकतात. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान गेलं. त्या बंदीला राखणदार असतात, कारण ती त्यांनी स्वतः मागितलेली असते. आपल्याकडे कायदा आहे, राखणदार कोणी नाही.

म्हणून माझं मत असं. बंदी उठवू नका, पण ती सगळ्यांना सारखी लावा. पिणाऱ्याला गुन्हेगारापेक्षा आजारी समजा, जिल्ह्याजिल्ह्यात व्यसनमुक्तीची सोय करा. आणि आपण मध्यमवर्गीयांनी "फोन केला की घरपोच" ही फुशारकी आधी थांबवावी. आपल्याकडे येणारी बाटली आणि त्या मजुराची पोटली, दोन्ही एकाच चोरवाटेवर जगतात.

तुमच्या गावात काय अनुभव आहे? इंदूर-बेळगाव-गोव्याच्या मंडळींनी जरूर लिहावं.