मध्यान्हीची सावली आणि प्राथमिक शाळा

दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, हे वाक्य आपल्या प्राथमिक शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतले गेले आहे. परंतु डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यातील एखाद्या शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची काठी ताठ रोवून कोणी त्याची प्रचीती पाहू लागला, तर ऐन मध्यान्हीही त्या काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर लांब उत्तरेकडे पडलेली त्याला दिसेल, आणि ती सर्वांत आखूड होण्याचा क्षण बाराला नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास येतो हेही कळेल. सूर्य पुण्याच्या माथ्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस: एकदा मेच्या मध्यास, शाळेला सुटी असताना, आणि पुन्हा जुलैअखेरीस, आभाळ बहुधा मेघाच्छादित असताना.

अक्षांश-रेखांशांची उपपत्ती तिसरीतल्या मुलाला सांगावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्याने सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी, दोरीने लांबी मोजावी, तारीख घालून वहीत टिपावी आणि महिन्याभराने पुन्हा मोजावी. आकडे बदलले की ‘असे का?’ हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उद्भवतो, आणि त्याचे उत्तर पुढे दोन-चार इयत्तांनंतर मिळाले तरी काही बिघडत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी सिद्ध केलेल्या पुस्तकांत निरीक्षणाला आणि कृतीला अग्रस्थान दिलेले आहे. ‘परिसर अभ्यास’ या विषयाचे नावही तेच सुचविते. तथापि एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता, त्यावर शिरगणती, मतदारयाद्या आणि माहितीपत्रकांचा ससेमिरा, अशा स्थितीत तो बिचारा पटांगणात जाणार केव्हा?

त्याहूनही घातक आहे तो पुस्तकातले उत्तर तेवढेच बरोबर धरण्याचा परीक्षेचा शिरस्ता. डोळ्यांनी पाहिलेले खोटे आणि छापलेले खरे, असा निवाडा आठव्या वर्षी एकदा कानी पडला, की ते मूल पुढे सहसा काही मोजायला जात नाही. म्हणून शिक्षणखात्याने शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचा बोजा तर उतरवावाच, परंतु पुस्तकातील उत्तराऐवजी स्वतःचे मोजमाप प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत, असा लेखी हुकूम प्रत्येक शाळेला विनाविलंब धाडावा.